रक्तातल्या सीडी४ पेशी एसपीआर चिपवर पकडताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

एसपीआर (सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स) म्हणजे सोन्याच्या पातळ थरावर काही चिकटले की ते प्रकाशाने ओळखणारी पद्धत. या यंत्रावर पहिल्यांदा पेशी सोडल्या की पडद्यावर छान चढती रेघ दिसते आणि वाटते, जमले. बहुतेक वेळा ती रेघ सीडी४ पेशींची नसते. प्लेटलेट, मोनोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी), मेलेल्या पेशींचा चिकट गाळ, बफरमधला फरक, नाहीतर खोलीतला एसी, यांतले काहीही तशी रेघ काढू शकते. पुढच्या पायऱ्यांमधली निम्मी मेहनत पेशी पकडण्यासाठी आहे आणि उरलेली निम्मी पकडलेली पेशी हवी तीच आहे हे सिद्ध करण्यासाठी. दुसरी निम्मी टाळून चालत नाही.

उदाहरण सीडी४ टी-पेशींचे, म्हणजे पृष्ठभागावर सीडी४ हे प्रथिन असलेल्या पांढऱ्या पेशींचे घेतले आहे. निरोगी प्रौढाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही संसर्गात हा आकडा २०० च्या खाली गेला की आजार पुढच्या टप्प्यात गेल्याचे धरतात. रुग्णाच्या सीडी४ पेशी मान्यताप्राप्त यंत्रावरच, बहुधा फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून नेत मोजणारे यंत्र), मोजतात. इथली पद्धत संशोधनाच्या टेबलापुरती आहे. तिचा आकडा कोणाच्या रिपोर्टवर लिहू नका.

१. सेन्सरला पेशीचा किती भाग दिसतो, ते आधी समजून घ्या

काचेवर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो. खालून प्रिझममधून प्रकाश एका ठरावीक कोनात आला की सोन्यातले इलेक्ट्रॉन त्याची ऊर्जा शोषतात आणि परावर्तित प्रकाशात खड्डा पडतो. सोन्यावर काही चिकटले की तिथला अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचे माप) बदलतो आणि खड्ड्याचा कोन सरकतो. क्रेट्शमन यांनी ही मांडणी १९६८ मध्ये दाखवली, १९८३ मध्ये स्वीडनमध्ये लीडबर्ग, निलँडर आणि लुंडस्ट्रोम यांनी ती जैविक मापनासाठी वापरली, आणि आजही बहुतेक यंत्रे त्याच मांडणीवर चालतात.

सोन्यावरचे हे प्रकाशक्षेत्र पाण्यात जेमतेम २०० ते ३०० नॅनोमीटर वर पोहोचते. लिम्फोसाइट (टी-पेशी हा तिचाच एक प्रकार) ७ ते १० मायक्रोमीटर रुंद असते. म्हणजे सेन्सरला पेशीचा फक्त तळवा दिसतो, तोही सूक्ष्म केसाळ उंचवट्यांवर टेकलेला. प्रथिनांसाठी वापरायचा '१ आरयू म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १ पिकोग्रॅम' हा हिशोब पेशींना लागू होत नाही (आरयू, म्हणजे रिस्पॉन्स युनिट, हे यंत्राच्या सिग्नलचे एकक). आरयूवरून पेशींचे वजन काढू नका.

दुसरा हिशोब कागदावर करून पाहा. ८ मायक्रोमीटर व्यासाची पेशी सुमारे ५० चौरस मायक्रोमीटर जागा घेते, म्हणजे एक चौरस मिलिमीटर गच्च भरायला २०,००० पेशी लागतात. तुम्ही २०० पकडल्या तर जागा भरली एक टक्का, आणि पूर्ण जागेचा सरासरी सिग्नल मोजणारे यंत्रही त्याच प्रमाणात थोडे दाखवणार. दुसरीकडे, पाण्याचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००१ ने बदलतो, आणि ते होतात १०० आरयू. तापमान अर्ध्या अंशाने हलले तरी तुमच्या पेशींचा सिग्नल त्यात बुडू शकतो. म्हणून निवडीची मुभा असेल तर चित्र देणारे यंत्र, म्हणजे एसपीआर इमेजिंग, घ्या. त्यात पेशी ठिपक्यांसारख्या मोजता येतात.

२. रक्त हाती घेण्यापूर्वीचे कागद

- संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रक्तदात्याची त्याच्या भाषेतली लेखी संमती. भारतात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत.
- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला कळवल्याची नोंद.
- रक्त हाताळणाऱ्या प्रत्येकाचे हिपॅटायटिस बी लसीकरण.
- पेशीवाहिन्या (सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींचे वाण) मागवणार असाल तर त्यांच्या हस्तांतरणाचा करार. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून पेशीवाहिन्या मिळतात.

नैतिकता समितीला वेळ लागतो. तोवर चिपचा सराव पेशीवाहिन्यांवर करा, रक्त नंतर.

३. साहित्य

- सोन्याच्या चिप: ५० नॅनोमीटर सोने, खाली २ ते ५ नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम. स्वतः बनवायच्या असतील तर आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधा बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात.
- एमयूए, म्हणजे ११-मर्कॅप्टोअनडेकॅनॉइक आम्ल, आणि ट्राय-इथिलीन-ग्लायकॉल शेपटीचा थायोल. थायोल म्हणजे गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटणारा रेणू; एमयूए हाही थायोलच.
- अँटिबॉडी थराला जोडणारी रसायने ईडीसी आणि एनएचएस, उरलेले सक्रिय गट बंद करायला १ मोलर इथेनॉलअमाइन पीएच ८.५, १० मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेट (पीएच ४.० ते ५.५).
- सीडी४ ची अँटिबॉडी आणि त्याच वर्गाची निष्क्रिय अँटिबॉडी, म्हणजे आयसोटाइप कंट्रोल. आरपीए-टी४ किंवा एसके३ क्लोन (सीडी४ अँटिबॉडीचे ठरावीक वाण) उंदराच्या आयजीजी१ वर्गाचे आहेत; ओकेटी४ आयजीजी२बी आहे. कंट्रोल त्या-त्या वर्गाचाच हवा.
- रनिंग बफर (यंत्रातून सतत वाहणारे द्रव): पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारे बफर), ०.५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन), २ मिलिमोलर ईडीटीए. ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून, हवा काढून.
- १.०७७ घनतेचे ग्रेडियंट द्रव, ४० मायक्रोमीटरची गाळणी, ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग), हीमोसायटोमीटर (पेशी मोजायची आखलेली काच).
- सिरिंज पंप, सिलिकॉन रबरचा फ्लो चॅनल.

अँटिबॉडी मागवताना 'अझाइड नसलेली, बीएसए नसलेली' असे ऑर्डरमध्येच लिहा (अझाइड हे टिकवण्यासाठी घालायचे रसायन). ईडीसीची जोडणी अमाइन गटांवर होते. बाटलीत बीएसए किंवा ट्रिस (अमाइन गट असलेले बफर) असेल तर चिपवर अँटिबॉडीऐवजी तेच बसते. नेहमीचीच बाटली हाती असेल तर डिसॉल्टिंग स्तंभातून बफर बदलून घ्या. मात्र त्या स्तंभाने ट्रिस आणि अझाइड जातात, बीएसए जात नाही.

४. सोने साफ करून थर चढवणे

पायरान्हा द्रावण (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे मिश्रण) नवख्यांनी वापरू नये. ते स्फोटक होऊ शकते आणि सोन्याखालचे क्रोमियमही कुरतडते. युव्ही-ओझोनमध्ये १५ ते २० मिनिटे ठेवा आणि मग १५ मिनिटे शुद्ध इथेनॉलमध्ये बुडवा. ओझोनमुळे सोन्यावर येणारा ऑक्साइडचा थर इथेनॉलने जातो. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात आणि मग थर विरळ बसला म्हणून थायोलला दोष देतात.

दोन्ही थायोलचे इथेनॉलमध्ये १० मिलिमोलर साठे करा: एमयूए २१.८ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये, ग्लायकॉलवाला ३३.७ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये. आता ०.१ मिलिलिटर एमयूए, ०.९ मिलिलिटर ग्लायकॉलवाला आणि ९ मिलिलिटर इथेनॉल मिसळा. चिप त्यात १२ ते १८ तास, काचेच्या झाकणबंद भांड्यात, अंधारात. नंतर इथेनॉलने धुऊन नायट्रोजनने वाळवा.

१:९ हे प्रमाण का? एमयूए अँटिबॉडीला धरतो. ग्लायकॉलवाला इतर प्रथिने आणि पेशींना दूर ठेवतो. निव्वळ एमयूएचा थर लावला तर अँटिबॉडी भरपूर बसेल, पण प्लेटलेटही तितक्याच आनंदाने बसतील. अँटिबॉडी कमी पडली तर एमयूए २० टक्क्यांपर्यंत वाढवा, त्यापुढे जाऊ नका.

चिप यंत्रात बसवल्यावर एक झटपट तपासणी होते. बीके७ प्रिझम आणि ६३३ नॅनोमीटरच्या प्रकाशात कोरड्या सोन्यावर खड्डा ४४ अंशांच्या आसपास, पाण्याखाली ७१ ते ७३ अंशांवर दिसायला हवा. तो उथळ किंवा पसरट असेल तर सोन्याची जाडी चुकलेली आहे किंवा प्रिझम आणि काच यांच्यामधल्या तेलात बुडबुडा आहे.

५. अँटिबॉडी बसवणे

चॅनल तीन हवेत: एकात सीडी४ ची अँटिबॉडी, दुसऱ्यात आयसोटाइप, तिसरा अँटिबॉडीविना फक्त ब्लॉक केलेला. चॅनल दोनच मिळत असतील तर तिसरा सोडा, आयसोटाइप सोडू नका.

आधी योग्य पीएच शोधा. चिप सक्रिय न करता अँटिबॉडी पीएच ४.०, ४.५, ५.० आणि ५.५ च्या अ‍ॅसिटेटमध्ये एकेक मिनिट सोडून पाहा. ज्या पीएचला सिग्नल सर्वाधिक चढतो आणि बफर येताच पूर्ण उतरतो, तो निवडा. दोन पीएच बरोबरीचे असतील तर वरचा घ्या, तो अँटिबॉडीला सौम्य असतो.

मग या क्रमाने जा:

१) ईडीसी ०.४ मोलर (७६.७ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) आणि एनएचएस ०.१ मोलर (११.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) ऐनवेळी समान भागांत मिसळा. वेग १० मायक्रोलिटर प्रति मिनिट, ७ मिनिटे.
२) लगेच अँटिबॉडी, २० ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, १० मिनिटे. मध्ये चहाला जाऊ नका, सक्रिय झालेला गट पाण्याशी अभिक्रिया होऊन निकामी होत जातो.
३) इथेनॉलअमाइन ७ मिनिटे.
४) १ टक्का बीएसए १५ मिनिटे.

बफर स्थिरावल्यावर अँटिबॉडीचे १००० ते २००० आरयू उरले तर काम चांगले झाले. २०० च्या खाली असेल तर पहिला संशय ईडीसीवर घ्या. ते ओल शोषते. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उणे २० अंशांवरची बाटली गार असतानाच उघडली तर आत दव धरते आणि पावडर लवकर निकामी होते. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. आल्या आल्या छोटे भाग करून ठेवले तर फारच उत्तम.

प्रोटीन जी (अँटिबॉडीची शेपटी धरणारे जिवाणूचे प्रथिन) वापरून अँटिबॉडी 'सरळ उभी' बसवण्याचा मोह होतो. शुद्ध प्रथिनांसाठी ती युक्ती छान आहे. रक्ताच्या नमुन्यात मात्र प्लाझ्मातले आयजीजी (दात्याच्या स्वतःच्या अँटिबॉडी) तुमची अँटिबॉडी हुसकावू शकते आणि पृष्ठभागावर आयजीजी असलेल्या बी-पेशीही प्रोटीन जीला थेट चिकटू शकतात. इथे ती टाळा.

६. रक्तातून पेशी वेगळ्या करणे

ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत ३ मिलिलिटर रक्त घ्या. फ्रिजमध्ये ठेवू नका. शक्यतो ४ तासांत पुढचे काम सुरू करा.

रक्तात तितकेच पीबीएस घाला. १५ मिलिलिटरच्या नळीत ३ मिलिलिटर ग्रेडियंट द्रव घेऊन त्यावर हे ६ मिलिलिटर मिश्रण नळीच्या कडेने, थर न मोडता सोडा. सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी, ३० मिनिटे, २० अंश, ब्रेक शून्य. ब्रेक चालू राहिला तर मधली पांढरी कडी विस्कटते. आणि ४०० जी म्हणजे ४०० आरपीएम नव्हे. आरपीएमचा वर्ग, गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या, गुणिले ०.००००१११८ केले की जी मिळते. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ४०० जी म्हणजे सुमारे १५०० आरपीएम.

पांढरी कडी उचलून दोनदा धुवा, दोन्ही वेळा २०० जी, १० मिनिटे. हा मंद वेग मुद्दाम ठेवला आहे. प्लेटलेट वरच्या द्रवात राहतात आणि ओतून जातात.

आता मोनोसाइट. नवखे सर्वाधिक फसतात ते इथेच, कारण मोनोसाइटवरही सीडी४ असते, टी-पेशीपेक्षा कमी, पण असते. शिवाय त्यांच्यावर अँटिबॉडीची शेपटी पकडणारे एफसी ग्राहक असतात, त्यामुळे त्या आयसोटाइप चॅनललाही बिलगतात. सीडी१४ (मोनोसाइटवरची खूण) पकडणाऱ्या चुंबकी मण्यांनी त्या आधीच काढून टाका. उरलेल्या पेशींना एफसी ब्लॉक (एफसी ग्राहक बुजवणारे द्रावण) १० मिनिटे द्या, कारण नैसर्गिक मारक पेशी आणि बी-पेशींवरही असे ग्राहक असतात. खर्च परवडत असेल तर चिपवर शेपटी कापलेली, म्हणजे एफ(एबी)२ तुकड्याची अँटिबॉडी बसवणे हा अधिक स्वच्छ उपाय आहे.

शेवटी पेशी ४० मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा, ट्रिपॅन ब्लूने मोजा आणि मिलिलिटरला १० लाखांवर आणा. जिवंत पेशी ९५ टक्क्यांहून कमी असतील तर नमुना चिपवर सोडू नका. मेलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए गोंदासारखा वागतो. डीएनेझ (डीएनए तोडणारे विकर) वापरणार असाल तर त्या पायरीपुरते ईडीटीए नसलेले आणि मॅग्नेशियम असलेले बफर घ्या, कारण ईडीटीए त्या विकराला बंद पाडते.

शेवटचे धुणे आणि अंतिम मिश्रण, दोन्हीसाठी रनिंग बफर त्याच बाटलीतले हवे. बीएसए घालायचे नुसते विसरलात तरी अपवर्तनांकाच्या फरकाने सुमारे ९०० आरयूची उडी दिसते. सगळ्या पेशींच्या सिग्नलपेक्षा ती मोठी असू शकते.

७. प्रवाहाचा वेग ठरवणे

पेशी जड असते आणि वाहणारे पाणी तिला ओढते. ही ओढ, म्हणजे भिंतीवरचा शिअर, काढण्याचे सूत्र सोपे आहे: ६ गुणिले चिकटपणा गुणिले प्रवाह, भागिले रुंदी गुणिले उंचीचा वर्ग. ४ मिलिमीटर रुंद, ५० मायक्रोमीटर उंच चॅनलमध्ये १० मायक्रोलिटर प्रति मिनिट वेगाला ती बरोबर १ डाइन प्रति चौरस सेंटिमीटर येते. उंचीचा वर्ग आहे हे लक्षात घ्या. स्क्रू जास्त आवळून रबर दबले आणि उंची ४० वर आली, तर त्याच वेगाला ओढ दीडपटीहून जास्त होते.

दुसरी बाजू गुरुत्वाची. लिम्फोसाइट बफरमध्ये सेकंदाला सुमारे दीड मायक्रोमीटर खाली बसते. ५० मायक्रोमीटर उतरायला अर्धे मिनिट लागते. २० मिलिमीटर लांबीच्या या चॅनलचे आकारमान ४ मायक्रोलिटर आहे, म्हणजे १० च्या वेगाला पेशी सरासरी २४ सेकंदांत बाहेर. बऱ्याच पेशी सोन्याला न शिवताच निघून जातील. म्हणून पेशी ५ मायक्रोलिटर प्रति मिनिट वेगाने १० मिनिटे सोडा आणि धुणे मात्र टप्प्यांत वाढवा: १०, २०, ३० मायक्रोलिटर प्रति मिनिट, प्रत्येकी ३ मिनिटे. म्हणजे ओढ १ वरून ३ डाइनवर जाते. सैल बसलेल्या पेशी, आणि चुकून उरलेल्या बऱ्याच मोनोसाइट, या धुण्यात सुटतात.

पुढच्या तीन गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यांनी आख्खा दिवस वाया जातो:

- सोने चॅनलच्या तळाला आहे ना? काही फ्लो सेलमध्ये ते छताला असते, तिथे पेशी सेन्सरपासून दूर बसतात.
- सिरिंज उभी धरा, तोंड खाली. आडव्या सिरिंजमध्ये पेशी कडेला बसतात आणि चॅनलपर्यंत पोहोचतच नाहीत.
- सिलिकॉन रबर प्लाझ्माने सोन्याला पक्के चिकटत नाही. क्लँप वापरा.

८. प्रत्यक्ष रन

तापमान २५ अंशांवर बांधा. ३७ वर टी-पेशी पसरू लागतात आणि सिग्नल सरकत राहतो. एसीचा झोत यंत्रावर येऊ देऊ नका. बेसलाइन १० मिनिटांत ५ आरयूपेक्षा कमी हलली तरच पुढे जा.

पेशींच्या आधी एक रिकामा रन हवाच: त्याच पेशी खाली बसवून वरचे द्रव तीनही चॅनलमधून सोडा. जो सिग्नल येईल तो विरघळलेल्या प्रथिनांचा आणि बफरचा, पेशींचा नव्हे. ही एक नळी खूप गैरसमज वाचवते.

मग पेशी, मग धुणे, मग चित्रे. चॅनलच्या तोंडाशी पेशी दाट आणि शेवटाकडे विरळ असतात, म्हणून लांबीभर सारख्या अंतरावर किमान १० जागा टिपा आणि मोजणी इमेजजेसारख्या सॉफ्टवेअरने करा. सीडी४ चॅनलच्या आकड्यातून आयसोटाइपचा आकडा वजा करा. बाहेर पडलेले द्रवही गोळा करून हीमोसायटोमीटरवर मोजा. किती आत गेल्या, किती अडकल्या, किती निसटल्या, याचा ताळा बसला पाहिजे.

कॅलिब्रेशनसाठी ज्ञात संख्येच्या पेशी वापरा. सप-टी१ वाहिनीवर सीडी४ भरपूर असते, राजी या बी-पेशींच्या वाहिनीवर नसते. या दोन्ही १००:०, ५०:५०, १०:९० आणि ०:१०० मिसळून सोडा. जुर्कॅट सहज मिळते, पण तिच्यावरचे सीडी४ उपवाहिनीनुसार बदलते, त्यामुळे कॅलिब्रेशनला ती नको. शोधमर्यादा (ओळखता येणारी सर्वांत कमी संख्या) काढताना रिकाम्या चिपची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलने घ्या, आणि त्यासाठी किमान तीन वेगळ्या चिप लागतात. एकाच चिपवर तीनदा मोजणे म्हणजे तीन चिप नव्हेत.

९. पकडलेली पेशी तीच आहे का

चिप यंत्रात असतानाच टी-पेशींची खूण सीडी३ (हिरवा रंग) आणि मोनोसाइटची खूण सीडी१४ (नारिंगी रंग) यांच्या रंगीत अँटिबॉडी आणि केंद्रकासाठी होएक्स्ट हा रंग सोडा, १५ मिनिटे अंधारात, मग धुवा. सोन्यातून प्रकाश फारसा पार होत नाही, म्हणून चिप वरून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली न्या. सीडी३ असलेली आणि सीडी१४ नसलेली पेशी मोजणीत धरा. केंद्रकच नसेल तर तो प्लेटलेटचा पुंजका किंवा कचरा आहे.

सीडी४ ही रंगवायचे असेल तर चिपवर बसवलेल्याच क्लोनने रंगवू नका. तीच जागा आधीच अडलेली असते आणि खरी पेशीही फिकट दिसते. त्याच नमुन्याचा एक भाग त्याच दिवशी फ्लो सायटोमीटरवर द्या. निरनिराळ्या दात्यांचे आकडे दोन्हीकडे सारख्या दिशेने चढले-उतरले तरच सेन्सर मोजतो आहे असे म्हणता येते.

१०. काय बिघडले ते ओळखणे

*दोन्ही चॅनलमध्ये सारखाच सिग्नल:* एफसी ब्लॉक राहिला, मोनोसाइट राहिल्या किंवा थरात एमयूए जास्त झाला.

*सिग्नल क्षणात चढतो, बफर येताच क्षणात उतरतो:* बफरमधला फरक. पेशींचा सिग्नल हळूहळू चढतो.

*टोकदार उंच काटे:* बुडबुडे. गार बफर गरम यंत्रात गेले की ते हमखास येतात.

*पेशी चित्रात दिसतात पण आरयू हलत नाही:* पहिल्या पायरीतला एक टक्क्याचा हिशोब आठवा. यंत्रात दोष नाही, मोजणीवर विसंबा.

*दुसऱ्या वापरात निम्म्याच पेशी:* १० मिलिमोलर ग्लायसिन, पीएच २.० ते २.५, यांनी पेशी सुटतात, पण पटलाचे तुकडे मागे राहतात आणि अँटिबॉडीही थकते. पेशींसाठी चिप एकदाच वापरावी, असे आमचे ठाम मत आहे. सोने महाग वाटते, पण चुकीचा आकडा त्याहून महाग पडतो.

११. आवराआवर

रक्त लागलेल्या प्लॅस्टिक नळ्या आणि टिप लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काचेच्या चिप निळ्या खुणेच्या डब्यात. हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे आहे. द्रव कचऱ्यात सोडियम हायपोक्लोराइट अंतिम १ टक्का होईल इतके घालून ३० मिनिटे ठेवा.

ग्लायसिन-आम्लाचा कचरा मात्र त्या बाटलीत कधीही ओतू नका. आम्ल आणि हायपोक्लोराइट भेटले की क्लोरीन वायू सुटतो. यंत्राची बाहेर जाणारी नळी दोन्ही वेळा एकाच बाटलीत सोडलेली असते, म्हणून ही चूक नकळत होते. ग्लायसिन सोडण्यापूर्वी बाटली बदला आणि दोन्ही बाटल्यांवर ठसठशीत मराठीत लिहून ठेवा.